जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण हलवायचंय. भिंत फोडावी का?

कौलारू

मंडळी, सल्ला हवाय. जुन्या नाशकात सराफ बाजाराजवळ आमचा वाडा आहे. घर स्वतःचं, त्यामुळे मालकाची परवानगी वगैरे भानगड नाही. प्रश्न स्वयंपाकघराचा आहे. माजघरातून आत शिरलं की दिव्याचं बटण हाताला लागत नाही, कारण ते थेट समोरच्या भिंतीवर, परसदाराशेजारी आहे. वाड्यात वीज आली तेव्हा न्हाणी, हौद, संडास सगळं मागे. घरातल्या बायकांचा दिवस मागच्या दाराने सुरू व्हायचा, म्हणून बोर्ड तिकडे बसवला असणार. आता परसदाराला वर्षभर कडी असते आणि त्या कोपऱ्यात फ्रिज आलाय. दिवा लावायचा तर फ्रिज आणि भिंत यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घालावा लागतो. सासूबाई रात्री पाण्याला उठतात त्या ओटा चाचपत जातात. मोबाईलचा टॉर्च लावा म्हटलं तर "स्वतःच्या घरात चोरासारखी बॅटरी घेऊन फिरू का" हे उत्तर ठरलेलं.

दोन वायरमन बघून गेले. एक म्हणतो, माजघराच्या दारापर्यंत भिंतीत झिरी (खाच) मारू, पाइप टाकू, वरून सिमेंट, एका दिवसात मोकळे. दुसरा म्हणतो, या भिंतीला हात लावणार नाही, प्लास्टिक पट्टीतून वायर नेतो. ह्यांना कन्सील, म्हणजे भिंतीच्या आत लपवलेलं, हवंय, "पट्टी म्हणजे शाळेच्या वर्गासारखं दिसतं" असं मत आहे.

माहिती अशी: भिंत साधारण दीड फुटाची, विटा आणि माती, वरून चुन्याचा गिलावा, त्यावर ऑइलपेंटचे कितीतरी हात. बोर्ड लाकडी, वर सनमायका, तीन बटणं आणि एक सॉकेट. वायरिंग अर्धं जुन्या लाकडी पट्टीत, अर्धं मध्ये कधीतरी बदललेलं. फ्यूज किटकॅटचे (चिनी मातीचे, तार घालायचे), माजघरात.

जाता जाता अजून एक. मागच्या वर्षी पिवळा बल्ब काढून एलईडी लावला, तो बंद केल्यावरही अगदी मंद मिणमिणत राहतो. पावसाळ्यात जास्त. बल्बच तसा असेल म्हणून सोडून दिलं. याचा काही संबंध आहे का?

सिडकोकर

ताई, कन्सीलच करा. एकदाच काय तो पसारा. आमच्या सिडकोच्या घरात स्वयंपाकघराचा अख्खा बोर्ड ओट्याच्या बाजूला घेतला, कटर लावून झिरी मारली, आता कुठे होता तेही कळत नाही. फक्त डाळी-तांदळाचे डबे आधी बाहेर काढा. धूळ कुठे कुठे जाते ते विचारू नका.

पाटावरवंटा

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हेच रडगाणं आहे, फक्त फ्रिजच्या जागी कपाट.

निवृत्त_फोरमन

कौलारूताई, बटण कुठे न्यायचं ते नंतर बघू. तुम्ही जाता जाता जे लिहिलंत तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

बंद केलेला एलईडी मिणमिणण्याची कारणं मोजकी असतात. बटणातच छोटा लाल इंडिकेटर असेल तर त्याच्यातून थोडासा करंट बल्बपर्यंत जातो. तुमच्या जुन्या बटणात तो नसणार. दुसरं, बटणाकडे जाणारी आणि बटणाकडून येणारी वायर खूप अंतर एकमेकींना चिकटून धावत असेल तर एकीतलं व्होल्टेज दुसरीत थोडं उतरतं. तिसरं, आणि जुन्या घरात मला याचाच संशय पहिला येतो: बटण फेजवर (वीज घेऊन येणाऱ्या वायरीवर) नसून न्यूट्रलवर (परत नेणाऱ्या वायरीवर) आहे.

नियम असा की फेज बटणातून जाऊन बल्बला मिळाली पाहिजे आणि न्यूट्रल बल्बला थेट. कुणीतरी जोडणी उलटी केली तर बटण दाबून दिवा लागतो, विझतोही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. पण बटण बंद असतानाही होल्डरमध्ये 230 व्होल्ट जिवंत असतात. बल्बपासून बटणापर्यंतची उरलेली वायर ओल्या भिंतीला लागून गेलेली असते, तिच्यातून नखाएवढा करंट जमिनीकडे झिरपतो आणि एलईडीला तेवढाही पुरतो. पावसाळ्यात भिंत ओली, म्हणून मिणमिणणं जास्त. पिवळ्या बल्बला एवढ्याशा करंटने काहीच होत नाही, म्हणून तो होता तोवर कळलं नाही.

बटण हलवणारा वायरमन जर जुन्याच दोन वायरी पुढे ओढून नव्या बटणाला जोडणार असेल तर ही उलटी जोडणीही जशीच्या तशी नव्या जागी जाईल. म्हणून आधी बोर्ड उघडून आत काय आहे ते बघायला सांगा. झिरी की पट्टी हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

कौलारू

बापरे. म्हणजे बटण बंद करून बल्ब बदलला तरी धोका? आमच्याकडे सगळे तसंच करतात. स्टुलावर उभं राहून, ओल्या हाताने सुद्धा.

निवृत्त_फोरमन

जोडणी उलटी असेल तर हो. तपासून होईपर्यंत मेन स्विच पाडल्याशिवाय त्या होल्डरला हात लावू नका. आणि टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेलेली आहे असं समजू नका. टेस्टरचा छोटा दिवा तुमच्या अंगातून जाणाऱ्या करंटवर पेटतो. रबरी चप्पल, लाकडी स्टूल, खिडकीतून येणारं ऊन, यांत तो पेटलेला दिसतच नाही. उलट कधी कधी शेजारच्या वायरीमुळे मेलेल्या वायरीवरही पेटतो. चांगला वायरमन तपासायला बल्ब आणि दोन वायरी लावलेला होल्डर जवळ बाळगतो, नाहीतर मल्टिमीटर. तुमच्याकडे आलेल्या दोघांपैकी कुणी काही मोजलं का?

कौलारू

एकानेही नाही. पहिल्याने भिंतीवर टिचकी मारून बघितली. दुसऱ्याने चहा घेतला.

चुना_माती

जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून भिंतीपुरतं बोलतो. दुसऱ्या वायरमनला चहा दिलात हे बरं केलंत, माणूस शहाणा आहे.

विटा-मातीच्या भिंतीत वजन गिलाव्यावर नसतं हे खरं, पण कटर फिरला की गिलाव्यामागची माती भुगा होऊन गळायला लागते. सिमेंटात बांधलेल्या भिंतीत कटरने दोन सरळ रेघा मारायच्या आणि मधलं छिन्नीने उडवायचं. इथे छिन्नी मारली की अर्धी वीट हातात येते. उभी झिरी एकवेळ चालते, आडवी नको. बांधकामाच्या भारतीय मानकात, भार घेणाऱ्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी असं म्हटलंय. दीड फुटात एक षष्ठांश म्हणजे तीन इंच, ऐकायला पुष्कळ वाटतं. पण ते मानक नीट बांधलेल्या भिंतीसाठी आहे, माती सुटलेल्या भिंतीसाठी नाही. परसदारापासून माजघराच्या दारापर्यंत आडवं जायचं म्हणजे तीन भिंती आणि दोन कोपरे. कोपऱ्याजवळ तर मी मुळीच कापू देणार नाही.

आणि वरून सिमेंट लावण्याचं म्हणाल तर तेही नको. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंटची पट्टी ती ओल अडवते, मग ओल बाजूच्या चुन्यात सरकते आणि एक-दोन पावसाळ्यांत पट्टीच्या दोन्ही कडांना पोपडे धरतात. भिंतीवर पाइप कुठून गेलाय ते लांबून दिसतं. कन्सील करून लपवायचं होतं तेच उघडं पडतं.

सिडकोकर

एवढं घाबरवू नका हो माणसाला. लोक वाड्यांत कन्सील करतातच की. गंगापूर रोडला माझ्या मेहुण्याचं जुनं घर आहे, काही झालं नाही.

चुना_माती

मेहुण्यांचं घर वाडा आहे की बंगला? गंगापूर रोडचे जुने बंगले म्हणजे वीट-सिमेंट, त्यावर स्लॅब. तिथे बिनधास्त कापा.

सिडकोकर

बंगला आहे. बरं, मान्य. पण पट्टी दिसायला वाईटच दिसते, हे तुम्हीही मान्य करा.

परसदारी

मी वायरवाली नाही, पण वाड्यात वाढलेली आहे. एक विचारते. माजघराच्या दाराला फळ्या किती? वाड्यातलं दार असेल तर दोन असणार आणि दोन्ही आत उघडत असणार. दिवसभर दार उघडं म्हणजे दोन्ही बाजूंची भिंत फळ्यांच्या मागे. तिथे बटण बसवलं तर फ्रिजमागचं बटण दारामागे गेलं, एवढंच होईल.

एका फळीच्या दारात सोपं असतं, कडीच्या बाजूला बटण बसवायचं, बिजागरीच्या बाजूला नाही. दोन फळ्यांना कडीची बाजूच नसते.

कौलारू

अगं हो की! टेप घेऊन बघून आले. दोन्ही फळ्या आत, आणि उघडल्या की एक फळी थेट मांडणीला टेकते. म्हणजे आतल्या बाजूला सोयीची जागाच नाही. दोन वायरमन, हे आणि मी असे चार तज्ज्ञ, आणि दार कुणीच बघितलं नाही.

मग आता?

परसदारी

मग बाहेर, माजघरात. उंबरठा ओलांडायच्या आधी दिवा लागतो. माझ्या आजोळी तसंच होतं. उंबरठा उंच असेल तर म्हाताऱ्या माणसांना तेच बरं, पाय उचलताना समोर उजेड असतो.

पाटावरवंटा

बाहेर बटण म्हणजे घरातली पोरं येता-जाता आतल्या माणसाचा दिवा घालवणार. फोडणी करपलेली असताना अंधार. अनुभवाचे बोल.

गॅजेटवाला

एवढं सगळं कशाला? बिनवायरीचं बटण मिळतं. बल्बच्या वाटेवर एक छोटा रिसीव्हर बसवायचा आणि बटण जिथे पाहिजे तिथे दुतर्फा टेपने चिकटवायचं. काहींना तर सेलही लागत नाही, दाबण्याच्या जोरावर चालतात. भिंत तशीच, पट्टी नाही, दारामागे नको तर चौकटीवर चिकटवा. उद्या फ्रिज हलला तर बटणही हलवा.

निवृत्त_फोरमन

भाड्याच्या घरासाठी उत्तम तोडगा आहे. पण इथे मागची वायर कशी आहे तेच ठाऊक नाही, आणि रिसीव्हर बसणार त्याच वायरीवर. शिवाय बहुतेक रिसीव्हरना फेज आणि न्यूट्रल दोन्ही कुठल्या ते पक्कं माहीत असावं लागतं. उलट्या जोडणीत तो फेजऐवजी न्यूट्रल तोडत बसेल. आधी बोर्ड उघडा हो कुणीतरी.

टू_वे

जुनं बटण काढायचंच कशाला? दोन्ही ठेवा. जिन्याला असतात तशी दोन टू-वे बटणं, एक माजघरात, एक आत. पाटावरवंटा यांची फोडणीही वाचेल. फक्त टू-वे बटण मागून घ्यावं लागतं, त्याला मागे दोनऐवजी तीन स्क्रू असतात, आणि दोन बटणांच्या मध्ये जास्तीच्या वायरी लागतात.

कौलारू

कल्पना आवडली, पण आतलं बटण फ्रिजमागे राहिलं तर त्याचा उपयोग कुणाला? ओट्याजवळ घेतलं तर वापर होईल.

शनिवारी तिसरे वायरमन येतायत. परवाना आहे, सातपूरच्या आयटीआयमधून शिकलेले आहेत. फोनवर आधीच विचारलं, "मीटर घेऊन याल ना?" ते म्हणाले, "ताई, मीटरशिवाय मी घराबाहेर पडत नाही." बघू.

कायदेबाज

परवान्याचं विचारलंत ते उत्तम. एक लक्षात असू द्या, महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरच्या पुढे घरात जे काही आहे ते आपलं, तिथे काही जळलं तर "लाइनमनला बोलवा" म्हणून भागत नाही. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि काय काय बदललं ते बिलावर लिहून घ्या. आणि दर ठरवताना पॉइंटच्या दरात वायर, पट्टी आणि बॉक्स धरलेत का ते आधीच विचारा. भांडणं तिथेच होतात.

कौलारू

अपडेट. बोर्ड उघडला. लिहायला थोडा वेळ घेतला, कारण बघून जरा हबकलेच होते.

मेन पाडला, मीटरने खात्री केली, मग चारही कोपऱ्यांचे स्क्रू काढले. बोर्ड पुढे ओढताच आतून पालीच्या अंड्यांची टरफलं ओट्यावर पडली. मागे लाकडाची पोकळ पेटी, तळाला बोटभर काळी माती. वायरी रबराच्या, त्यावर कापडाचं वेष्टण. वायरमनदादांनी एक वायर नुसती बाजूला केली तर रबर बिस्किटासारखं तुटून गळलं आणि आतलं तांबं उघडं पडलं. दोन्ही वायरी सारख्याच काळ्या, कुठली फेज कुठली न्यूट्रल डोळ्यांना कळायचा प्रश्नच नाही. एका ठिकाणी जुन्या तांब्याला ॲल्युमिनियमची वायर पिळून जोडलेली, वर काळी कापडी टेप, आणि ती टेप एका बाजूने भाजल्यासारखी चकचकीत झालेली.

फोरमनकाका, तुमचा संशय खरा निघाला. बटण न्यूट्रलवर होतं. होल्डरला फेज कायम.

आणि सॉकेटच्या तिसऱ्या मोठ्या भोकाला, म्हणजे अर्थिंगच्या, मागे वायरच नव्हती. त्या सॉकेटवर आमचा फ्रिज चालू होता. पावसाळ्यात फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात असं सासूबाई कितीतरी दिवस म्हणत होत्या, आम्ही त्यांना "पायाला मुंग्या आल्या असतील" म्हणत होतो.

निवृत्त_फोरमन

भाजलेली टेप म्हणजे ठरलेलं दुखणं. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पिळून जोडलं की सांध्यावर गंज धरतो, तिथला रोध वाढतो, सांधा तापतो. दिव्याच्या एवढ्याशा करंटला एकवेळ निभावतं, पण त्याच वाटेने फ्रिज चालत होता. खाली लाकडी पेटी आणि शेजारी उंदरांची ये-जा, पुढे मी लिहीत नाही.

आता सांगतो ते नीट ऐका. रबरी वायरीला नवी वायर जोडून पुढे न्यायची नाही. हलवल्यावर गळणारं रबर मधल्या सगळ्या पट्टीत तसंच आहे, दिसत नाही एवढंच. माजघरातल्या फ्यूजपासून स्वयंपाकघरापर्यंत नवी वायर. दिव्याला दीड चौरस मिलिमीटर, सॉकेटला अडीच, दोन्हींचे एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) वेगळे. दिव्याला 6 अँपिअर, सॉकेटच्या वाटेला 16. रंग पाळायला लावा: फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. पुढचा माणूस बोर्ड उघडेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे.

पुढेमागे इंडक्शन घेणार असाल तर आत्ताच सांगा. दोन हजार वॅटची शेगडी 230 व्होल्टला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेते, ती 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर चालवायची नसते. मिक्सरला छोटा पुरतो.

अर्थिंग नसेल तर परसात खड्डा घ्या, जागा आहेच. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. फ्रिजच्या अंगात फेज उतरली तर तो क्षणात पाडतो. पण फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम हातात धरलेत तर त्याला कळत नाही, त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे एक बल्बच. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते अधूनमधून दाबून तो पडतोय का बघायचं.

फ्यूजबोर्ड जमिनीपासून किती उंच आहे? सराफ बाजार म्हणताय, तिथे पुराचं पाणी शिरतं, म्हणून विचारतो.

कौलारू

छातीएवढा. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी ओटीपर्यंत आलं होतं, माजघरात नाही. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली की आमच्याकडे खालची भांडी माळ्यावर जातात, मेन पाडायचं मात्र कुणाला सुचत नाही.

निवृत्त_फोरमन

नवीन बोर्ड डोक्याएवढा घ्या. मेन कुणी पाडायचा ते घरात एकाला नेमून द्या.

चुना_माती

वायर नवी येणारच आहे तर तिचा रस्ता आत्ताच ठरवा. भिंतीवरून नेऊ नका. वाड्यात लाकूड असतं त्याचा फायदा घ्या. माजघराच्या तुळईच्या खालच्या कडेला पट्टी बसवली तर उभ्या माणसाला दिसत नाही, आणि मातीच्या भिंतीत गिट्टी (स्क्रूसाठी ठोकायची खुंटी) धरत नाही तो त्रासही वाचतो, स्क्रू सरळ लाकडात जातो. दिव्यापुरती पाऊण इंची पट्टी पुरते. तुळईला शोभेसा रंग हवा असेल तर लाकडी रंगाच्या पट्ट्या दुकानात मिळतात.

एक विनंती. चौकटीवर नक्षी असेल तर तिला भोक पाडू नका. शेजारच्या खांबावर बॉक्स बसवा.

सिडकोकर

तुळईखालून पट्टी! हे माझ्या डोक्यात आलं नसतं. ह्यांना सांगा ताई, शाळेचा वर्ग दिसणार नाही.

कौलारू

ह्यांना सांगितलं. "दाखवा आधी" म्हणाले. दाखवलं. गप्प आहेत, म्हणजे पसंत आहे.

काम झालं, आता सविस्तर लिहिते, कारण व्यनित (खाजगी निरोपात) बरेच जण विचारतायत.

फ्यूजच्या जागी नवा बोर्ड, डोक्याच्या उंचीवर. तिथून दोन पट्ट्या तुळईखालून: एकीत दिव्याच्या वायरी, दुसरीत सॉकेटच्या. माजघरात दाराशेजारच्या खांबावर छोटा बॉक्स, त्यात टू-वे बटण. दुसरं टू-वे बटण आत, ओट्याच्या कडेला, सिंकपासून लांबच्या टोकाला. सिंकच्या बाजूला सोयीचं पडलं असतं, पण वायरमनदादांनी साफ नाही म्हटलं, तिथे ओल्या हाताशिवाय दुसरा हात जातच नाही म्हणाले.

उंचीवरून घरात सभा झाली. दादा म्हणाले साडेचार फूट. सासूबाई खांबाशेजारी उभ्या राहिल्या, हात सहज जिथे गेला तिथे खडूची खूण केली, ती बरोबर चार फुटांवर आली. तिथेच बसवलं. सहा फुटी नवऱ्याला थोडं वाकावं लागतं. वाकू दे.

अंधारात बटण दिसावं म्हणून इंडिकेटर हवा होता. बटणात असलेला घेतला असता तर एलईडी परत मिणमिणला असता, म्हणून शेजारी वेगळा इंडिकेटर घेतला, त्याला स्वतःची न्यूट्रल दिली. त्यासाठी खांबापर्यंत एक वायर जास्तीची ओढावी लागली. बल्ब आता बंद केला की पूर्ण बंद.

जुन्या बोर्डाची जागा: सगळ्या रबरी वायरी फ्यूजकडून तोडून काढून टाकल्या, लाकडी पेटी उचकटली. फ्रिजचा नवा सॉकेट तिथेच, पण भिंतीवर बाहेरून बसवलेल्या बॉक्सवर, अर्थिंगसह. पेटीच्या खड्ड्यात चुना_माती यांनी सांगितल्याप्रमाणे सिमेंट न भरता चुना आणि बारीक वाळू भरली. वाळायला सिमेंटपेक्षा जास्त वेळ लागतोय, अजून मध्ये थोडा ओला आहे. रंग पावसाळ्यानंतर देऊ.

चुना_माती

घाई करू नका, पंखा लावून वाळवू नका, तडे जातात. आणि वर ऑइलपेंट नको, चुन्याचाच हात द्या.

पाटावरवंटा

एक शंका. जुन्या बोर्डात सांधा ठेवून त्यावर प्लास्टर करून टाकलं असतं तर? आमचे वायरमन तसं म्हणतायत. "आत चिकटपट्टी मारतो, काही होत नाही."

निवृत्त_फोरमन

नाही. सांधा कधीही गिलाव्याच्या आत पुरायचा नाही. सांधा ठेवायचाच असेल तर त्याला बॉक्स आणि वर स्क्रूने उघडणारी कोरी प्लेट. बिघाड होतो तो सांध्यातच, मधल्या अखंड वायरीत क्वचित. तो पुरून ठेवला तर पुढच्या माणसाला भिंत फोडत शोधावा लागतो. त्याला म्हणावं, कनेक्टर वापर आणि प्लेट लाव, दहा मिनिटांचं काम आहे.

पंचवटीतली

धागा वाचून आम्हीही स्वयंपाकघराचं बटण हलवून घेतलं, पण आता वेगळीच पंचाईत झाली आहे. स्वयंपाकघरासाठी वेगळा आरसीसीबी बसवला. सगळं ठीक चालतं, पण नव्या बटणाने दिवा लावला की आरसीसीबी पडतो. दिवा बंद ठेवून मिक्सर, फ्रिज, काहीही चालवा, पडत नाही. वायरमन म्हणतात आरसीसीबी खराब आहे, बदलून आणा. दुकानदार म्हणतो खराब नाही.

निवृत्त_फोरमन

दुकानदार बरोबर आहे. दिव्याला फेज नव्या बोर्डातून मिळतेय आणि न्यूट्रल मात्र जुन्याच वाटेने, बहुतेक माजघराच्या किंवा बाहेरच्या खोलीच्या सर्किटातून परत जातेय. आरसीसीबी जाणारा आणि परत येणारा करंट ताडून बघतो. गेलेला करंट त्याच्यातून परत आलाच नाही तर तो गळती समजून पडणारच, त्याचं कामच ते. बटण हलवताना फेज नवी ओढली असेल आणि होल्डरची जुनी न्यूट्रल तशीच ठेवली असेल, ते आधी विचारा.

होल्डरपासून स्वयंपाकघराच्या बोर्डापर्यंत नवी काळी वायर ओढून घ्या आणि जुनी न्यूट्रल दोन्ही टोकांना सोडवा. तोपर्यंत आरसीसीबी काढून थेट जोडणी करून देतो असं कुणी म्हणालं तर करू देऊ नका.

पंचवटीतली

विचारलं. होल्डरला हात लावला नव्हता म्हणाले, "फक्त बटणाचं काम होतं ना." उद्या सकाळी येतायत, काळी वायर आणायला सांगितली आहे.